माहीत नाही म्हणणाऱ्यानं घट बसवावेत का?

बालाघाटी
नवरात्र तोंडावर आलंय म्हणून हा धागा काढतोय. आमचं कुलदैवत तुळजाभवानी. घट आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बसतात. आजवर सगळं आई बघायची. शेतातली काळी माती आणून चाळायची, पत्रावळीवर पसरून धान्य पेरायचं, मधे घट, वर रोज एक माळ, नऊ दिवस अखंड दिवा. आई मागच्या वर्षी गेली, वर्षश्राद्धही झालं. भाऊ पुण्यात असतो. तो म्हणतो, घरात तू राहतोस, तूच बसव.

मी अंबाजोगाईत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. देव आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. वेळ मिळाला नाही म्हणून शोध राहिला, असंही नाही. माणसाच्या बुद्धीला तिथवर पोचायचा रस्ताच नाही, असं माझं मत आहे. कांटनं १७८१ मध्ये हेच दाखवलं: अनुभवाच्या पलीकडच्या गोष्टींवर बुद्धी चालवायला गेलं की दोन्ही बाजूंनी सारखेच भक्कम युक्तिवाद तयार होतात. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की ही सृष्टी कुठून आली हे परम व्योमातल्या तिच्या अध्यक्षालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही नसेल.

तर विचारायचं असं की अशा माणसानं आरतीला उभं राहून टाळ्या वाजवल्या तर ते ढोंग का? आणि ‘माहीत नाही’ ही खरोखर भूमिका आहे, की दोन्हीकडच्या शिव्या चुकवायची सोय?

मालदांडी
रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. तोवर एक शंका: नऊ दिवस उपवास धरणार का? अज्ञेयवाद्याला भगर चालते की तिच्याबद्दलही काही सांगता येत नाही?

वसमतकर
सोय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

सर, ‘माहीत नाही’ तुम्ही निवडून वापरता. उद्या तुमच्या गल्लीत बोंब उठली की अमक्या बाईनं भानामती केली आणि तमक्याच्या दांडीवरचे कपडे आपोआप पेटायलेत, तर तुम्ही ‘बुद्धीला मर्यादा असतात बुवा’ म्हणून घरी बसाल का? काडीपेटी कुणाच्या खिशात आहे ते बघाल. आपल्या भागात या भानामतीपायी बायकांचे काय हाल झाले ते सांगायला नको. जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडलं, तेही दाभोलकरांचा खून झाल्यावर. छोट्या भुताला एक न्याय आणि मोठ्या देवाला दुसरा, असं का? ज्याचा दावा त्यानं पुरावा द्यावा. तोवर ‘नाही’ धरून चालायचं.

आमच्या वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर स्वतःला सरळ नास्तिक म्हणवून घ्यायचे आणि तरी धर्मग्रंथांवर भल्याभल्या शास्त्र्यांपेक्षा बारकाईनं बोलायचे. त्यांना हे तळ्यात-मळ्यात करावं लागलं नाही.

रेवतीमावशी
बालाघाटी, मुकुंदराजांची समाधी तुमच्या गावाला लागून आहे, आणि तुम्ही रस्ता नाही म्हणता!

मला फिजिक्स येत नाही. पण एक विचारते. ‘मला माहीत नाही’ इथपर्यंत ठीक. ‘कुणालाच कळू शकत नाही’ हे तुम्हाला कसं कळलं? ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही म्हणता, त्याच्याबद्दल एवढं मात्र पक्कं ठाऊक? मी पैठणची. नाथषष्ठीला गोदेच्या वाळवंटात दिंड्या उतरतात, काल्याची हंडी फुटते, तेव्हा गर्दीत माझं जे होतं ते मला स्वच्छ माहीत असतं. ते तुमच्या प्रयोगशाळेत नेता येणार नाही, हे मान्य.

औंढ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच. विसोबा खेचर नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावले तर म्हणाले, जिथं पिंड नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात तिथं पिंड. आख्यायिका आहे, मान्य. पण नरसीच्या नामदेवाला जे कळायचं ते कळलं, आणि त्यासाठी देव कुठंय ते आधी सिद्ध करावं लागलं नाही.

वसमतकर
मावशी, तुमच्या पोस्टचा दुसरा परिच्छेद अर्धा बिनतोड आहे. उरलेल्या अर्ध्याला उत्तर: वाळवंटात तुमचं काहीतरी होतं, यावर माझा विश्वास आहे. ते देवामुळं होतं, यावर नाही. दर्ग्याच्या उरुसात खुलताबादला असंच होतं, हुजूर साहिबला होतं, वानखेडेवर शेवटच्या षटकातही होतं.

रेवतीमावशी
वानखेडेवर मी गेले नाही. तुम्ही वाळवंटात आला आहात का?

मालदांडी
मावशी १, वसमत ०.

बालाघाटी
मावशींचा प्रश्न मनापासून पटला, आणि सोपा नाही. मी दोन गोष्टी एकत्र बांधल्यात हे दिसतंय. ‘मला माहीत नाही’ हा माझ्याबद्दलचा अहवाल. ‘कळूच शकत नाही’ हा जगाबद्दलचा दावा, आणि त्याला वसमतकर म्हणतात तसा पुरावा मलाही द्यावा लागेल. कांट तो देतो असं माझं मत, पण इथं टाइप करून संपणार नाही.

वसमतकर, भानामतीची गोष्ट वेगळी. कपडे पेटतात हा जगात घडणारा प्रकार, तो तपासता येतो. नवसाला पावणं, अंगात येणं, हेही तपासता येईल. पण ज्याला रंग-रूप-ठिकाण काही नाही असं ज्याच्याबद्दल आधीच सांगून टाकलंय, त्याला कुठल्या तागडीत घालू?

वसमतकर
म्हणजे देवाचं एकेक काम काढून घेत गेलं की शेवटी जो बेकार देव उरतो, तो तुमचा अज्ञेय. आणि घट कुणाचे बसवताय? त्या बेकार निर्गुणाचे की तुळजापूरच्या सगुण आईचे? तुमचा अज्ञेय तर माळ मागत नाही.

(हे टोचून बोललो, पण उत्तर हवंय.)

मिलिंद_छावणी
धागा रंगलाय. आमच्या बाजूनं थोडं.

बुद्धांना मालुंक्यपुत्तानं असेच प्रश्न विचारले होते: जग शाश्वत आहे का, अनंत आहे का, तथागत मरणानंतर असतो का. बुद्धवचनांच्या पाली संग्रहात, मज्झिम निकायात, ६३ वं सुत्त. बुद्धांनी उत्तर दिलं नाही. विषारी बाण लागलेल्या माणसानं, बाण मारणारा कोणत्या कुळाचा, धनुष्य कोणत्या लाकडाचं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हटलं, तर तो तसाच मरेल, एवढंच सांगितलं. पण हा अज्ञेयवाद समजू नका. त्याच काळात संजय बेलट्ठिपुत्त होता. परलोक आहे का विचारलं की तो म्हणे, असंही म्हणत नाही, तसंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. दीघ निकायात अशा लोकांना हातातून निसटणाऱ्या मासोळीसारखं बोलणारे म्हटलंय. दोघंही उत्तर देत नाहीत. पण बुद्ध प्रश्न बाजूला ठेवून दुःखाच्या कारणाकडं वळतात, आणि संजय तिथंच निसटत राहतो.

सर, तुम्ही दोघांपैकी कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या आजोबांनी १९५६ नंतर घरातले देव गोदावरीत सोडले. आहेत की नाहीत यावर घरात चर्चा झाल्याचं कुणी सांगत नाही. ज्या देवाच्या देवळात पाय ठेवू देत नव्हते, तो असला काय नि नसला काय.

गोदाकाठ
मिलिंद, ही पोस्ट जपून ठेवतोय.

बालाघाटींसाठी एक जुनी वाट. पूर्वमीमांसक यज्ञयागाचे सगळ्यात कट्टर समर्थक. वेद अपौरुषेय, कर्म केलंच पाहिजे, यात तडजोड नाही. आणि त्याच पंथाचे कुमारिल भट्ट श्लोकवार्तिकात जगाचा कर्ता ईश्वर मानायला हरकत घेतात. त्यांचे प्रश्न आजही ताजे वाटतात: शरीर नसलेल्यानं जग कसं घडवलं? काही गरज नसताना का घडवलं? करुणेनं म्हणावं तर तेव्हा करुणा करायला जीव कुठं होते, आणि मग एवढं दुःख का? त्यांच्या मते यज्ञाचं फळ कर्मातून तयार होणाऱ्या ‘अपूर्वा’मुळं मिळतं, ते वाटायला वर कुणी बसलेला लागत नाही. थोडक्यात, विधी पूर्ण आणि कर्ता ईश्वर नाही, अशी माणसं आपल्याकडं आस्तिक, म्हणजे वेद मानणाऱ्या, दर्शनातच होऊन गेली. कुमारिल भट्टांना कुणी ढोंगी म्हटलं नाही, तुम्हाला कोण म्हणेल?

वसमतकर
मी. कुमारिलांना वेद खरे वाटत होते. सरांना काय खरं वाटतं?

औसेकर
सर, तुमच्यासारखं वाचन नाही आपलं. मी किल्लारीच्या जवळचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोकं झोपले होते. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. हाललं आणि सगळं अंगावर. हजारो माणसं गेली.

मला एकच सांगायचंय. आमच्या शेजारच्या अण्णाचे देवाचे टाक ढिगाऱ्यातून निघाले. जवानांनी आणून दिले तर त्यानं हात लावला नाही, म्हणला ठिवा तिकडं. त्याच्या सख्ख्या भावजयीनं ते उचलले, बादलीत धुतले, पत्र्याच्या शेडात पेटीवर मांडले आणि संध्याकाळी हळदकुंकू वाहिलं. दोघांच्याही घरातलं सारखंच गेलं होतं. पुढं दहा वर्षं दोघं एकाच शेडात, मग एकाच कॉलनीत शेजारी राहिले. त्यानं तिला कधी येडी म्हणलं नाही, तिनं त्याला पापी म्हणलं नाही. तुमी इथं एवढं भांडायलाव म्हणून सांगितलं.

रेवतीमावशी
🙏

गोदाकाठ
औसेकर, यावर खरं तर काही लिहू नये, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. अज्ञेयवाद ज्याच्या नावानं ओळखला जातो तो टी. एच. हक्सले, डार्विनचा पाठीराखा. हे नाव त्यानं १८६९ मध्ये पुढं आणलं. पण भूमिका त्याआधीची. १८६० च्या सप्टेंबरात त्याचा चार वर्षांचाही नसलेला मुलगा नोएल तापात गेला. पाद्री असलेले त्याचे मित्र चार्ल्स किंग्जली यांनी सांत्वनाचं पत्र पाठवलं. हक्सलेनं लांबलचक उत्तर दिलं. त्यात तो म्हणतो की माणसाचं अमरत्व मी नाकारत नाही आणि मानतही नाही. मानायला कारण दिसत नाही, आणि खोटं ठरवायला साधन नाही. मुलगा पुन्हा भेटेल असं मानलं तर बरं वाटेल, पण बरं वाटणं हा पुरावा नव्हे.

वसमतकर, ही सोय वाटते का? सोयीचं उत्तर तर समोर लिहून आलं होतं, त्यानं ते घेतलं नाही.

वसमतकर
नाही. ही सोय नाही. हक्सलेपुरता शब्द मागे. अंबाजोगाईबाबत अजून ठाम.

सहाशे_फूट
मी थोडा वेगळा अनुभव सांगतो, विषयाला धरून आहे की नाही तुम्ही बघा.

२०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं त्या वर्षी. आमच्या शेतात बोअर घ्यायचं ठरलं. वडील पाणाड्याला घेऊन आले. माणूस पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला, त्यामुळं वट मोठी. तळहातावर नारळ आडवा धरून बांधावरून चालायला लागला. लिंबाच्या झाडापाशी नारळ सरळ उभा राहिला. मी स्वतः बघितलं, हाताची बोटं हलली नाहीत. म्हणाला, अडीचशेवर दोन इंच. मशीन लावलं. अडीचशे गेलं, चारशे गेलं, नुसता फुफाटा. सहाशेवर वडिलांनी हात जोडले. ड्रायव्हर मीटर वाचून बिल करत होता आणि पाणाड्या म्हणत होता, पाणी आहे, पण तुमच्या नशिबात नाही.

मी बीएस्सी आहे. तरी मला अजून सांगता येत नाही की नारळ कसा उभा राहिला.

मालदांडी
नारळ अज्ञेय, पाणी शून्य. आमच्याकडं याच पद्धतीनं पहिल्या झटक्यात तीन इंच लागलं, चुलत्याच्या रानात. आजही चालू आहे.

हळदीचं_रान
आमच्याकडं लिंबाच्या दुबेळक्या काडीनं बघतात. काडी हातात मुरगळते, साल निघते. दोनदा लागलं, बाकीचं विचारू नका.

सहाशे_फूट
चुलत्याचा बोअर किती फुटांवर? आणि पाणाड्या कुठला?

मालदांडी
एकशे ऐंशी. पाणाड्या निलंग्याकडचा.

गोदाकाठ
मंडळी, देवाचा धागा चांगला चालला होता, बोअर करू नका.

भूजलवाला
नाही, बोअर करू द्या. मी भूजलाच्या कामात आहे आणि मला हाच भाग देवाच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचा वाटतो.

आपला बहुतेक भाग बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये, नाहीतर दोन थरांच्या सांध्यात. त्यामुळं डोळे झाकून बोट ठेवलं तरी कुठंतरी पाणी लागायची शक्यता असतेच. लागलं की तो बोअर वीस वर्षं सांगितला जातो. कोरडा गेला की नशीब. आम्ही जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे ती वीज किती अडवते ते, मोजून जागा सांगतो, तरी आमचेही बोअर कोरडे जातात. फरक एवढाच की आमचा कोरडा गेला तर ते नोंदवावं लागतं. पाणाड्याच्या म्हणण्यात चूक ठरायची जागाच नाही. पाणी लागलं तर विद्या खरी, नाही लागलं तर तुमचं नशीब.

आता औसेकरांचं किल्लारी. १९९३ च्या आधीच्या भूकंप नकाशावर किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, पहिल्या. द्वीपकल्पाचा हा भाग स्थिर, असं आमच्या शास्त्राचं म्हणणं. १९९२ मध्ये तिथं लहान धक्के बसले होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते. त्यातून मोठा भूकंप होईल असं कुणी सांगू शकलं नाही. ६.२ तीव्रतेचा झाला. २००२ चा नकाशा बघा, किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात आहे. भूकंप नेमका केव्हा होईल हे आजही कुणालाच सांगता येत नाही. हे आमचं ‘माहीत नाही’. पण या ‘माहीत नाही’नं नकाशा बदलला, घरं बांधायचे नियम बदलले.

बालाघाटी, म्हणून मला तुमच्या ‘आहे की नाही’त रस कमी आहे. देवाबद्दलच्या तुमच्या ‘माहीत नाही’नं काय बदलतं? उद्या काहीही घडलं तरी ते जसंच्या तसं राहणार असेल, तर ते आणि पाणाड्याचं नशीब, दोन्ही मला एका रांगेत दिसतात.

वसमतकर
उभा राहून टाळ्या. आरतीच्या नव्हे.

रेवतीमावशी
भूजलवाले भाऊ, चांगलं लिहिलंत. पण नवरा-बायकोचं, आई-लेकाचंही असंच असतं, ते कुठं मोजून चूक ठरवता येतं? सगळ्या खऱ्या गोष्टी खोट्या ठरायची सोय ठेवून येत नाहीत.

भूजलवाला
मावशी, ठरतात की. कोर्टात रोज ठरतात. :)

सूनबाई_परभणी
पहिल्यापासून वाचत आले. देव, बुद्ध, कांट, कुमारिल, बोअर, सगळं झालं. एक विचारू? बालाघाटी सर, घट बसवायचे म्हणजे नक्की कोण बसवणार?

आमच्याकडंही घट असतात. माती मी आणते. रात्री तेल संपायच्या आत उठून वात सारते मी. सकाळी सोवळ्यात स्वयंपाक, आल्या-गेल्या सवाष्णींचं बघणं, शेवटच्या दिवशी पुरणाचा घाट, आणि मधे पाळी आली तर सगळ्या घराची चिडचिड ऐकणं, हेही मीच. आमचे हे नास्तिक आहेत. आरतीला येतात, मागे उभे राहून मोबाईल बघतात, आणि पाहुण्यांना सांगतात की मी असलं काही मानत नाही. अहो, मानायला तुम्हाला वेळच वेळ आहे! मला विचारलंत तर मलाही नक्की माहीत नाही देव आहे का. पण मला कुणी विचारलेलं नाही.

मालदांडी
आता कुणीही विनोद करू नये. मीपण नाही.

मिलिंद_छावणी
+१००

बालाघाटी
सूनबाई, काल तुमची पोस्ट वाचून लगेच उत्तर लिहिलं नाही. आधी बायकोला विचारलं, जे मी खरंच विचारलं नव्हतं. आईनं जे केलं ते आता आपोआप तिच्याकडं जाणार, हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. ती म्हणाली, घट बसवायला मला आवडेल, आईंची आठवण आहे, पण रात्रीचा दिवा मी एकटी सांभाळणार नाही आणि पाळीचं सोवळं मी पाळणार नाही, जमत असेल तर बसवा. तिच्या बाजूनं देवाचा प्रश्न एवढ्यात संपला.

भूजलवाला, तुमचा प्रश्न मात्र संपत नाही. माझ्या ‘माहीत नाही’नं काय बदलतं? प्रामाणिक उत्तर असं की मी वर्गात, घरात, देवळात तिन्हीकडं वेगवेगळा वागत आलो आणि ‘माहीत नाही’नं ते झाकलं जात होतं. निदान इतकं करता येईल: माहीत नसलेल्या देवाच्या नावानं माहीत असलेल्या माणसाला त्रास होईल असं काही घरात चालू द्यायचं नाही. सोवळं त्यात आलं. मुलगी सातवीत आहे, ती विचारते तेव्हा ‘नंतर सांगतो’ म्हणणंही त्यात आलं. तिला मला माहीत नाही असं सांगेन, आणि आजीला काय वाटायचं, मावशींसारख्यांना काय वाटतं, तिच्या आईला काय वाटतं, हेही.

गुरुजी संकल्प सोडायला सांगतील तेव्हा काय म्हणायचं, ते अजून ठरलेलं नाही.

वसमतकर
हे आधी लिहिलं असतंत तर मी निम्म्या पोस्टी टाकल्या नसत्या. संकल्पाचं मात्र माझ्याकडून पास मिळणार नाही. नाव-गोत्र सांगून कुणाला तरी उद्देशून काहीतरी करतो म्हणायचं आणि समोर कोणी आहे का ते माहीत नाही, हे मला जमणार नाही.

गोदाकाठ
मीमांसक वाटेनं जा. संकल्पात ‘मी हे करतो’ एवढं खरं असलं की पुरे.

वसमतकर
मीमांसक ‘स्वर्ग मिळावा म्हणून करतो’ म्हणतात हो. अर्धवट सांगू नका.

गोदाकाठ
ते काम्य कर्माचं, जे फळासाठी करतात. नित्य कर्म नेमानं करायचंच असतं, त्याला फळाची इच्छा लागत नाही. वेगळा धागा काढतो.

मालदांडी
रुमाल टाकला.

नवा_गडी_जिंतूर
सगळा धागा वाचला, फार छान चर्चा. मालदांडी, निलंग्याच्या त्या पाणाड्याचा नंबर मिळेल का? जानेवारीत बोअर घ्यायचाय.

भूजलवाला
🤦 जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन विचारा हो.

नवा_गडी_जिंतूर
गेलो होतो. ते म्हणले त्या गटात पाणी लागायची शक्यता कमी आहे, घेऊ नका.

भूजलवाला
मग घेऊ नका.

नवा_गडी_जिंतूर
म्हणूनच नंबर मागायलोय.